आश्विनातली कॉफी

जायफळ सहाणेवर धरलं की पहिल्या दोन-चार वेढ्यांत काहीच हाती लागत नाही. वरचं सुरकुतलेलं, राखाडी-तपकिरी अंग नुसतं घासत राहतं. मग अचानक आतली नक्षी उघडी पडते, फिकट गरात विटकरी शिरांचं जाळं, आणि पाठोपाठ वास येतो. गोड म्हणावा तर त्याला कडसर काठ असतो, तिखट म्हणावा तर तो घशाशी मऊ होतो. पुरणात जायफळ पडतं, श्रीखंडात पडतं, बाळगुटीत तर त्याचा वेढा ठरलेलाच. तरी माझ्यासाठी हा वास आश्विनाचा आहे, आणि कॉफीचा आहे.

माझ्या लहानपणी घरात चहा रोजचा होता आणि कॉफी प्रसंगाची. चहाला कुणी विचारत नसे, तो व्हायचाच. कॉफीला निमित्त लागे. पुण्याहून पाहुणे आले, कुणाला ताप येऊन गेला, आजीचा उपवास असला, ओसरीवर भजन रंगून रात्र वर आली, की आजी फडताळातला पत्र्याचा डबा काढायची. त्यात चिकोरी मिसळलेली काळसर पूड असे. दूध, पाणी, साखर एकत्र उकळायची, पूड टाकून पातेलं लगेच उतरवायचं, वर ताट झाकायचं. पूड तळाशी बसेपर्यंत आजीचा हात सहाणेवर फिरत असायचा. कोजागिरीला तर एकाच दुधाच्या दोन वाटा व्हायच्या. केशर, चारोळी, वेलदोडा घातलेलं आटीव दूध आम्हा मुलांना. त्यातलंच थोडं बाजूला काढून केलेली कॉफी मोठ्यांना. जायफळ मात्र दोन्हीकडे. इतर प्रांतांतल्या माणसांना कॉफीत जायफळ म्हटलं की नवल वाटतं. आम्हाला त्याच्याशिवायची कॉफी अपुरी लागते.

लग्नानंतर मी बारामतीला आले आणि एमआयडीसीच्या बाजूला राहू लागले. इथला ऑक्टोबर ज्याने काढला आहे त्याला तो वेगळा सांगावा लागत नाही. परतीचा पाऊस भिजवून जातो, आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, आणि त्या निळ्यातून ऊन सरळ डोक्यावर उतरतं. दुपारी पेन्सिल चौकात रिक्षाची वाट पाहत उभं राहिलं की चपलेखालचा रस्ता तापलेला कळतो. शेतं ओली, हवा दमट, अंग चिकट. कालव्याच्या कडेचा ऊस मात्र या दिवसांत बघावा असा असतो. डोक्याच्या वर गेलेला, पात्यांना धार आलेली, आत शिरलेल्या माणसाचा आवाज येतो पण माणूस दिसत नाही. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दुष्काळी पट्ट्यात पाणी घेऊन आला आणि त्याच्या मागून ऊस आला. माळेगाव, सोमेश्वर, पलीकडे इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, सगळे कारखाने या दिवसांत गाळपाच्या तयारीत असतात.

अशाच एका तापलेल्या दुपारी न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. तिच्याकडे झाडांची पानं लाल-पिवळी व्हायला लागली होती, सकाळी स्वेटर लागत होता, आणि ऑफिसखालच्या कॉफीच्या दुकानात भोपळ्याच्या मसाल्याची कॉफी आली होती. ती तिला मनापासून आवडते. पण रक्ताच्या तपासणीत साखर काठावर आली, त्यामुळे दुकानातली बंद करावी लागली. "मामी, तुझ्याकडे डांगर मिळतंच. कमी साखरेची, घरच्या घरी जमेल अशी करून बघ ना, आणि मला सांग," असं ती म्हणाली. तिच्या आवाजात एक हट्ट होता, लहानपणी सुट्टीत यायची तेव्हाचा. मी हो म्हटलं आणि मग त्या पेयाच्या मागे लागले.

स्टारबक्सने ही कॉफी अमेरिकेत २००३ साली बाजारात आणली. पहिली कितीतरी वर्षं तिच्यात भोपळा नव्हताच. भोपळ्याच्या गोड पायमध्ये जो मसाला घालतात त्याची चव तेवढी होती. तो मसाला म्हणजे दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग. मॅककॉर्मिक कंपनीने तो तयार करून डबीत भरून विकायला सुरुवात केली ती १९३४ साली, म्हणजे तिकडच्या घरांत हा वास आजी-पणजीपासूनचा आहे. खरा भोपळा कॉफीत आला २०१५ मध्ये. ४७० मिलिलिटरच्या एका पेल्यात, दुधातली नैसर्गिक साखर धरून, एकूण साखर ५० ग्रॅमच्या आसपास भरते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच २०१५ साली वरून घातलेल्या साखरेबद्दल जे सुचवलं, त्यात मोठ्या माणसाने दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत राहिलेलं बरं, असं आहे. दुधातली वजा केली तरी एका पेल्यातच दिवसभराचं संपून वर उरते. भाचीच्या डॉक्टरांना काय दिसलं असेल ते यावरून कळतं.

मसाल्याची यादी मी कागदावर लिहिली आणि ओट्यापाशी उभी राहून बराच वेळ वाचत राहिले. चारही जिन्नस आपल्याच मिसळणाच्या डब्याशेजारचे. पण ते ज्या हवेसाठी एकत्र आले ती हवा वेगळी. तिकडे पानं गळायला लागली की थंडी दाराशी येऊन ठेपते. सुंठ, लवंग पोटात ऊब धरतात, तिथे ती हवीच. आपल्याकडे या महिन्यात पोटात आधीच आग असते. वाग्भटाने अष्टांगहृदयात ऋतुचर्येच्या अध्यायात हे फार नेमकं सांगितलं आहे. पावसाळ्याच्या गारव्यात अंगाला सवय झालेली असते, पित्त साठत आलेलं असतं, आणि शरदाचं ऊन एकाएकी पडलं की ते भडकतं. म्हणून या दिवसांत कडू, गोड, तुरट आणि पचायला हलकं खावं. दही, तेल, क्षार, पोट तट्ट होईल असं जेवण, ऊन, कडक मद्य टाळावं. आणि पाणी प्यावं ते दिवसा सूर्याने तापवलेलं, रात्री चंद्राने निववलेलं, अगस्ती ताऱ्याच्या उदयाने निर्मळ झालेलं. त्याला हंसोदक म्हणतात. पाण्याचं इतकं देखणं वर्णन आरोग्याच्या ग्रंथात सापडावं याचं मला नवल वाटतं.

कोजागिरीच्या दुधाकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघते. त्यात सुंठ नसते, लवंग नसते. केशर, वेलदोडा, जायफळ, चारोळी, खडीसाखर, आणि तेही चांदण्यात गार करून. ज्या बायकांनी हे दूध पिढ्यान् पिढ्या आटवलं त्यांनी वाग्भट वाचला नसेल, पण आश्विनातलं पोट त्यांना ठाऊक होतं. त्या कागदावरच्या दोन जिनसांवर मी काट मारली. तिला म्हटलं, तुझ्याकडे थंडी आहे, तू सुंठ घाल. मी घालणार नाही. त्याऐवजी वेलदोडा आणि थोडी बडीशेप. सुंठेचे दिवस आमच्याकडे दिवाळीनंतर येतील, कार्तिक सरता सरता, उसाच्या फडात पहाटे दव दिसायला लागलं की.

डांगराचं मात्र आश्चर्य वाटलं. तिकडे भोपळा ऑक्टोबरचा, आणि आपल्याकडेही भाद्रपदाच्या पितृपंधरवड्यापासून त्याचा भाव चढतो. श्राद्धाच्या ताटात लाल भोपळ्याची भाजी लागते. आमच्या बाजारात डांगर म्हणूनच मागतात. विकणारी मावशी कोयत्याने फाक काढून देते, आणि फाकेचा रंग बघूनच बाई ठरवते, घ्यायची की नाही. गडद केशरी असेल तर घारगे चांगले होतात. गुळात शिजवलेल्या डांगराच्या किसात मावेल तेवढी कणीक मळायची, थोडी तांदळाची पिठी, वेलदोडा, आणि पुन्हा जायफळ. घारगे तळताना स्वयंपाकघरात जो वास भरतो, तो आणि भाचीच्या त्या कॉफीचा वास एकाच घराण्यातले असणार. ती कॉफी मी कधी प्यायलेली नाही, तरी हे मी खात्रीने लिहिते. कारण डांगर, गोडी आणि जायफळ एकत्र आले की दुसरं काही होऊच शकत नाही.

जायफळाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. जगातली सगळी जायफळं एके काळी इंडोनेशियातल्या बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवरून येत. त्यांच्यासाठी डचांनी तिथल्या माणसांची कत्तल केली, इंग्रजांशी लढाया केल्या. त्या बेटांपैकी रन नावाचं एक बेट इंग्रजांच्या हक्काचं होतं. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात ते डचांकडे राहिलं आणि बदल्यात अमेरिकेतलं मॅनहॅटन इंग्रजांकडे राहिलं. आज भाची लोकलने ज्या मॅनहॅटनला कामाला जाते, ते बेट कधीकाळी जायफळाच्या झाडांशी तोललं गेलं होतं. हे मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "मामी, हे मला इथे राहून माहीत नव्हतं."

आता जायफळासाठी इतकं लांब बघायला नको. कोकणात नारळ-सुपारीच्या सावलीत ते चांगलं येतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा, कोकण स्वाद अशा जाती काढल्या. रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, लवंग, मिरी अशी मसाल्याची झाडं लावून उत्पन्न वाढवण्याची रीत दाखवली, तिला लाखी बाग म्हणतात. पिकलेलं फळ झाडावरच उकलतं, आत बीवर लालभडक जाळी असते. ती जायपत्री, आणि आतली बी ते जायफळ. माझ्याकडे कोकणातून येणारं जायफळ कवचासकट येतं. हलवलं तर आत खुळखुळतं. तसं खुळखुळलं की नीट वाळलं आहे असं समजावं. कवच फोडून एकेक वापरलं तर वास वर्षभर टिकतो. बाजारातली पूड कितीही चांगली असो, डबी उघडल्यापासून तिचा जीव जायला लागतो.

दालचिनीच्या बाबतीत भाचीला मी जास्त बजावून सांगितलं. दुकानात मिळणारी जाड, कडक, एकाच पदराची गुंडाळी बहुतेक वेळा कॅसियाची साल असते, चीन किंवा व्हिएतनामची. तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं. रोज चमचाभर पोटात गेलं तर यकृताला ते सोसत नाही. खरी दालचिनी पातळ पदरांची, कागदाच्या सुरळीसारखी, बोटांनी चुरडणारी. श्रीलंकेतली किंवा आपल्या कोकणातली. तिच्यात कुमारिन नावापुरतंच. साखर कमी करायची म्हणून दालचिनी वाढवणारे लोक हल्ली पुष्कळ भेटतात, म्हणून हे सांगावंसं वाटतं. रोज घ्यायची असेल तर पातळ घ्या आणि थोडी घ्या.

मग गोडीचा प्रश्न. दुकानातल्या कॉफीत सिरप असतं, ते पेल्यात पडतं आणि ढवळताच विरघळतं. भाची विचारत होती, त्याच्या जागी काय घालू? मला उत्तर शोधावं लागलं नाही. इथून दौंडच्या बाजूला, केडगावकडे गेलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना गुऱ्हाळं लागतात. धुराडी, बाहेर वाळत घातलेली चिपाडं, चुलवाणात ती सारणारा माणूस, आणि वर पसरट काहिलीत उकळणारा रस. रस तापला की मळी वर येते. ती काढायला भेंडीच्या झाडाचा चीक घालतात, आणि मळी झाऱ्याने उचलत राहतात. पुढे रस दाटतो, फेस बुडबुड्यांत फुटतो, रंग फिरतो. गुळव्या मधेच थोडा पाक पाण्यात टाकून बोटाने बघतो. गोळी धरायच्या आधीचा जो पाक काढून घेतात, ती काकवी. आमच्याकडे भाकरीवर तूप आणि काकवी म्हणजे पाहुण्याला मान. गडद, पातळ मधासारखी धार, आणि चवीत उसाचा किंचित खारटपणा. दुधात ती चमच्यागणिक विरघळते. सिरप म्हणून हिच्यापेक्षा चांगलं काही मला तरी सापडलं नाही.

मात्र इथे भाचीशी खरं बोलणं भाग होतं. आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या घर उसावर चालतं, म्हणून गुळाबद्दल प्रेम आहेच. पण गूळ काय, काकवी काय, बहुतांशी साखरच. त्यात थोडं लोह, थोडे क्षार, रसाचा वास आणि रंग उरलेले असतात एवढं खरं. शंभर ग्रॅममागे उष्मांक साखरेपेक्षा फारसे कमी नाहीत. ज्याची साखर काठावर आहे त्याने गुळाचं नाव घेऊन दोन चमचे जास्त घालायचे, यात शहाणपण नाही. गुळाचा खरा उपयोग असा की त्याला स्वतःची चव असते. पांढऱ्या साखरेचे तीन चमचे जिथे नुसते गोड लागतात, तिथे काकवीचा एक चमचा पुरतो, कारण जीभ नुसती गोडी मोजत बसत नाही. गूळ घेतला तर तोही गडद, रसायन न घातलेला. लख्ख पिवळी ढेप दिसली की मी ती परत ठेवते. तो रंग बहुधा हायड्रोस नावाच्या रसायनाचा असतो.

कारखाने सुरू व्हायच्या सुमाराला, दसऱ्यानंतर, बीड-नगरकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या इकडे उतरतात. बैलगाड्या, कोयते, पाचटाच्या कोप्या, कडेवर पोरं. पहाटे फडात जाण्याआधी त्या बायका तीन दगडांच्या चुलीवर गुळाचा कोरा चहा करतात. दूध परवडत नाही. त्या चहावर आणि कालच्या भाकरीवर त्या मोळ्या बांधून, डोक्यावर घेऊन गाडीत चढवतात. कमी दूध, कमी साखर, गूळ, असं सगळं आपण आरोग्यासाठी निवडतो तेव्हा मला त्या चुली आठवतात. आपल्याला निवड करता येते. काकवीची बाटली फडताळात ठेवताना ती कुणाच्या हातांनी तोडलेल्या उसाची आहे, एवढं तरी मनात असावं.

कॉफीचं शिकायला मी शेजारी गेले. एमआयडीसीमुळे आमच्या इमारतीत अख्खा देश राहायला आला आहे. इथे पियाजियोच्या तीनचाकी आणि व्हेस्पा बनतात, फेरेरोची किंडर जॉय आणि टिक टॅक बनतात, श्रायबर डायनॅमिक्सचं चीज बनतं. त्यामागून माणसं आली आणि त्यांच्यामागून त्यांची स्वयंपाकघरं. समोरच्या घरातली बाई हासनची. तिच्या माहेरी कॉफीचे मळे. तिच्याकडे पितळेचा दोन मजली फिल्टर आहे. वरच्या भांड्यात पूड दाबून त्यावर उकळतं पाणी ओतायचं आणि विसरून जायचं. थेंब थेंब करत खाली काढा उतरतो. तिने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, कॉफी दुधात उकळू नये. उकळली की कडवट होते आणि मग साखर वाढते. दुसरी, चिकोरीला नावं ठेवू नयेत. ती एका मुळाची भाजून केलेली पूड, गुजरातेत जामनगरकडे पिकते. तिच्यात कॅफीन अजिबात नसतं, काढा मात्र दाट होतो. चिकोरीचं प्रमाण जरा जास्त असलेली पूड घेतली तर पेला तोच राहतो आणि कॅफीन कमी होतं.

तिच्या गावाकडच्या डोंगरांतच, चिकमंगळूरजवळ, बाबा बुदन नावाच्या सूफी संताने सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून लावल्या अशी कथा आहे. ती सांगताना तिचा चेहरा असा उजळतो की मला ती कथा खरीच वाटते. मी तिला जायफळाची कॉफी दिली तेव्हा तिने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अक्का, ये तो अलग है." मग सगळा कप संपवला. पुढच्या आठवड्यात तिने माझ्याकडून अख्खं जायफळ मागून नेलं.

आता ती कॉफी. दोन माणसांना डांगराची एक पातळ फाक साल काढून वाफवायची आणि पळीने घोटून दोन चमचे गर काढायचा. रेषा राहिल्या तर गाळणीतून दाबून घ्यायचा. अर्धा कप पाण्यात दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, ठेचलेला एक वेलदोडा आणि चिमूटभर बडीशेप घालून पाणी रंग धरेपर्यंत उकळायचं. त्यात गर आणि सव्वा कप गायीचं दूध. आमच्या दूधवाल्याला संकलन केंद्रावर साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफला भाव मिळतो, तेच दूध मी घेते. म्हशीचं दाट दूध या कॉफीला जड होतं. दूध वर यायला लागलं की आच बंद. आता फिल्टरचा काढा चार-पाच चमचे. फिल्टर नसेल तर झटपट कॉफीची पूड दीड चमचा चालेल. काकवी किंवा गूळ अगदी शेवटी, पातेलं उतरवून मिनिटभर थांबल्यावर. उकळत्या दुधात गूळ पडला की त्याच्या आंबटपणाने आणि क्षारांनी दूध फाटतं. दोघांना मिळून दोन चमचे काकवी पुरते; डांगराची आणि दुधाची गोडी मदतीला असते. सगळ्यात शेवटी जायफळ, सहाणेवरचे दोन वेढे. जास्त नको. जायफळ थोडं असेल तर बरं, पण चमचा-दोन चमचे पोटात गेलं तर मळमळ, चक्कर, भ्रम होण्यापर्यंत मजल जाते. आजी म्हणायची त्याप्रमाणे, त्याला मुठीने मोजायचं नसतं.

रंग विटकरी येतो, साय धरत नाही, आणि डांगरामुळे घोट भरल्यासारखा लागतो. दुपारच्या उन्हात मी ती माठाच्या पाण्यात पातेलं ठेवून गार करते. गारसुद्धा चांगली लागते. भाचीने तिकडे सुंठ घालून केली. तिच्या नवऱ्याला डांगर कळलं नाही, मुलीला दालचिनी जास्त वाटली, तिला स्वतःला आवडली. तिच्या घरात आता सहाण आहे, माझ्याकडूनच गेली.

एक गोष्ट मात्र या कॉफीने माझ्या मनात खोल रुतवली, ती म्हणजे कॉफी कधी प्यायची नाही. आमच्या ह्यांची दर काही आठवड्यांनी थर्ड शिफ्ट असते. रात्री अकराला जायचं, सकाळी सातला सुटायचं. कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी कोण जागं आहे विचारत फिरते अशी आपली समजूत आहे. एमआयडीसीत ती कुठल्याही रात्री आली तरी तिला जागी माणसं भेटतील. लेथवर, पॅकिंगच्या पट्ट्यावर, बॉयलरपाशी, गेटवरच्या खुर्चीत. हे सांगतात, आश्विनात पहाटे पाचच्या सुमाराला शेडबाहेर आलं की दक्षिणेला, फार वर नाही, एक ठळक तारा दिसतो. तो अगस्ती. ज्याच्या उदयाने पाणी निर्मळ होतं असं वाग्भट सांगतो, तो तारा या गावात रोज नेमाने बघणारी माणसं म्हणजे थर्ड शिफ्टची. आणि तोच वाग्भट शरदात दिवसा झोपू नये असंही सांगतो. या माणसांना ते पाळता येत नाही. त्यांची रात्र दिवसा असते. आपण निदान ती मोडू नये.

कॅफीन पोटात गेलं की पाच-सहा तासांनीही त्यातलं अर्धं रक्तात असतं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं मानतात, गरोदर बाईला २०० च्या आत. पण आकडा मर्यादेत असला तरी वेळ चुकली की झोप जाते. रात्री शिफ्टवर जाताना प्यायलेली कॉफी कामाची असते. पहाटे डोळे मिटायला लागल्यावर कँटीनमधली तिसरी-चौथी घेतली तर ती सकाळी घरी बरोबर येते. माणूस अंथरुणावर पडतो आणि पंख्याकडे बघत राहतो. मग चिडचिड, मग पित्त, मग गोळी. आमच्या इमारतीत हे घराघरांत आहे, आणि त्यावर बोलताना लोक कामाला दोष देतात, झोपेचा विचार करत नाहीत.

तेव्हा तुमच्याकडे कुणी थर्ड शिफ्टवरून सकाळी येत असेल, तर त्याच्या पेल्यात कॉफी घालू नका. तेच दूध, तेच डांगर, वेलदोडा, अर्धा चमचा काकवी आणि जायफळाचे दोन वेढे एवढं कोमट करून द्या. खिडकीला जाड पडदा लावा, जिन्यातल्या मुलांना खालच्या मैदानात खेळायला पाठवा, आणि दुपारी दोनपर्यंत दाराची बेल कुणाला वाजवू देऊ नका.